वणवा, गवत आणि वनधोरण : वऱ्हाडातील गवताळ रानांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वऱ्हाडातील काळ्या जमिनीत शेती करणाऱ्या शेतकऱ्याला कुंदा या गवताची ओळख करून द्यावी लागत नाही. उन्हाळ्यात धुरा पेटवून दिला की वरचे गवत राख होते. परंतु मृगाचा पाऊस पडताच त्याच जागी कुंद्याचे हिरवे कोंब पुन्हा वर येतात. कुंदा नाहीसा करावयाचा तर तो मुळापासून खणून काढावा लागतो, जाळून तो जात नाही, हे ज्ञान या प्रदेशाच्या कृषिजीवनात पिढ्यानपिढ्या मुरलेले आहे. मेळघाटात गुरे चारणाऱ्या गवळ्याला आणि मोहफुले वेचणाऱ्या कोरकू कुटुंबालाही जळालेल्या रानात गवत पुन्हा फुटते, हे ठाऊक आहे.

वनप्रशासनाच्या भाषेत मात्र वणवा हा प्रामुख्याने 'हानी' आणि 'गुन्हा' या दोन सदरांखाली नोंदविला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकारास आलेल्या या दृष्टीचा केंद्रबिंदू इमारती लाकूड हा होता. लाकडाच्या हिशेबात गवताला दुय्यम स्थान होते, आणि गवताच्या आधारे जगणाऱ्या माणसांना त्याहूनही खालचे. गवत व आग यांच्या परस्परसंबंधाविषयीचे आजचे शास्त्रीय ज्ञान हाताशी ठेवून हा इतिहास पुन्हा वाचला असता काही प्रश्न नव्याने उभे राहतात. त्यांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

अभ्यासाची उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. (१) गवताळ रानातील वनस्पती वणव्यातून कशा तग धरतात व पुन्हा कशा वाढतात हे स्पष्ट करणे. (२) वऱ्हाडातील वणवाविषयक धोरणाची ऐतिहासिक जडणघडण तपासणे. (३) या धोरणाचा गवत आणि गवतावर अवलंबून असलेले समाज यांच्यावर झालेला परिणाम विचारात घेणे. अभ्यासक्षेत्र मुख्यत्वे अमरावती व अकोला जिल्ह्यांचे असून, आवश्यक तेथे वऱ्हाडातील शेजारच्या जिल्ह्यांचा आणि उर्वरित महाराष्ट्राचा संदर्भ घेतला आहे.

वऱ्हाडची गवताळ राने

उत्तरेस गाविलगडचे डोंगर, मध्यभागी पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेचे बालाघाट पठार अशी वऱ्हाडची ढोबळ रचना आहे. पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने बहुतांशी कोरडे जातात. दिवाळीनंतर गवत पिवळे पडू लागते आणि फेब्रुवारीपासून ते पेट घेण्यास तयार असते. पावसाळ्यात भरघोस वाढ आणि त्यानंतर दीर्घ शुष्क काळ, हे चक्रच या प्रदेशात आगीला निमंत्रण देणारे आहे.

पी. एम. दबडघाव व के. ए. शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द ग्रास कव्हर ऑफ इंडिया' या ग्रंथात भारतातील गवताच्या आच्छादनाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी सेहिमा-डायकॅन्थियम हा प्रकार द्वीपकल्पाच्या मोठ्या भागावर पसरलेला असून वऱ्हाडही त्यातच येते. पवन्या, मारवेल, कुसळी, रोशा अथवा तिखाडी ही या रानांतील परिचित गवते होत. त्यांच्या सोबतीला पळस, तेंदू, साग, मोह यांसारखे विरळ वृक्ष असतात. अशा भूप्रदेशास अलीकडचे अभ्यासक सव्हाना असे संबोधतात.

गवत वणव्यातून कसे वाचते?

वृक्ष आणि गवत यांच्या वाढीत एक मूलभूत फरक आहे. वृक्षाचा वाढता कोंब फांदीच्या शेंड्याशी, म्हणजे उंचावर व उघड्यावर असतो. बहुवार्षिक गवताचे कोंब बुंध्याशी, जमिनीलगत अथवा जमिनीखाली दडलेले असतात आणि पात्यांची वाढही तळाकडून होते. म्हणून गुराने पाते खाल्ले, विळ्याने कापले किंवा आगीने जाळले तरी नवी वाढ करणारा भाग शाबूत राहतो. आग लागण्याच्या काळात गवताचा वरचा भाग बहुधा आधीच वाळलेला असतो. तो जळाला तरी वनस्पतीची शिल्लक, म्हणजे मुळांत व बुंध्यात साठविलेले अन्न, जमिनीत सुरक्षित असते.

दुसरे संरक्षण मातीचे आहे. गवताची आग वेगाने पुढे सरकते. एका जागी ती फार काळ थांबत नाही. माती उष्णतेची मंद वाहक असल्याने पृष्ठभाग तापला तरी काही सेंटिमीटर खाली तापमानात फारसा फरक पडत नाही. कुंद्याची आडवी भूमिगत खोडे, हरळीच्या गाठी, अनेक रानफुलांचे कंद व गड्डे हे सारे या आवरणाखाली निर्धास्त असतात. मोठा ओंडका तासन्‌तास एका जागी जळत राहिला तर मात्र त्याखालची माती खोलवर तापते आणि तेथील गवत बराच काळ परत येत नाही.

तिसरे उदाहरण कुसळीचे आहे. कुसळी म्हणजे शास्त्रीय भाषेत हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. धोतराला चिकटणारे तिचे कुसळ प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. या कुसळाला पीळ असतो. हवेतील ओलावा वाढला की पीळ सुटतो, हवा कोरडी झाली की तो पुन्हा बसतो. या फिरण्यामुळे टोकदार बी हळूहळू मातीत रुतत जाते आणि आग येण्यापूर्वीच सुरक्षित खोलीवर पोहोचते. चार्ल्स डार्विनचे पुत्र फ्रान्सिस डार्विन यांनी १८७६ मध्ये स्टायपा या गवताच्या अशाच कुसळाची यंत्रणा उलगडून दाखविली होती. कुसळी वारंवार जळणाऱ्या रानात टिकून राहते व पसरते, याचे एक कारण येथे सापडते.

वृक्ष व झुडपांमध्येही असे अनुकूलन आढळते. पळस व तेंदू जळाल्यानंतर मुळांपासून नवे फुटवे काढतात. सागाचे रोप वर्षानुवर्षे वरून जळत राहिले तरी जमिनीखालील खुंट जाड होत जातो आणि एखाद्या वर्षी आग चुकली की तोच खुंट सरळ उंच अंकुर फेकतो. आगीच्या धुराचाही काही बियांवर परिणाम होतो. धुरामुळे बिया रुजतात हे १९९० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील संशोधनातून पुढे आले. त्यामागील कॅरिकिन या संयुगाची ओळख २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी पटविली.

तथापि, गवत आगीतून वाचते याचा अर्थ कोणतीही आग त्यास मानवते असा होत नाही. पावसाळ्यात वाढ चालू असताना लागलेली आग आणि उन्हाळ्यात सुप्तावस्थेत लागलेली आग यांचे परिणाम भिन्न असतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न आगीनंतरच्या चराईचा आहे. जळालेल्या रानात फुटणारे कोवळे गवत गुरांना आकर्षित करते. हे कोंब मुळांतील साठा खर्च करून वर आलेले असतात. ते लगेच व पुनःपुन्हा खाल्ले गेले तर साठा भरून निघत नाही. मग पवन्यासारखी उत्तम बहुवार्षिक गवते मागे पडतात, त्यांची जागा कुसळी घेते आणि पुढे हलक्या प्रतीची वार्षिक गवते व तरोटा यांचे राज्य सुरू होते. याउलट, आग, चराई व कापणी या तिन्ही गोष्टी दीर्घकाळ पूर्णतः थांबविल्या तर जुन्या वाळलेल्या पात्यांचा थर साचतो, बुंध्याशी उजेड पोहोचत नाही आणि गवताचे ठोंब आतून मरू लागतात. झुडपे व घाणेरी यांना वाव मिळतो. म्हणजेच गवताच्या दृष्टीने खरा प्रश्न आग केव्हा लागते, किती वर्षांनी लागते आणि तिच्यानंतर काय घडते, हा आहे.

आगीचा लोकव्यवहार

मेळघाटातील कोरकू व अन्य समाजांच्या जीवनात आगीचे अनेक उपयोग होते. झाडोरा तोडून, वाळवून, जाळून त्या राखेत धान्य पेरण्याची दह्या ही पद्धत सातपुड्यात रूढ होती. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळणे, तेंदूच्या झुडपांना नवी पालवी फुटावी म्हणून आग लावणे, पायवाटा मोकळ्या करणे, हिंस्र श्वापदांना दूर ठेवणे आणि गुरांसाठी कोवळे गवत मिळविणे ही वणव्यामागील नित्याची कारणे होती. त्यांतील काही आजही टिकून आहेत.

या व्यवहाराचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. मोहाखालची लहान आग वाऱ्याने हाताबाहेर जाऊन शेकडो एकर रान जळाल्याची शक्यता तेव्हाही होती व आजही आहे. परंतु या आगी हेतुपूर्वक, ठरावीक जागी व ठरावीक ऋतूत लावल्या जात असत, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. त्यामागे स्थळकाळाचे ज्ञान होते. पुढील काळात वनप्रशासनाने आगीबरोबर या ज्ञानालाही बेकायदेशीर ठरविले.

वसाहतकालीन धोरण

१८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या प्रशासनाखाली दिला आणि हा प्रदेश 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' या नावाने ओळखला जाऊ लागला. १९०२ मध्ये तो कायम भाडेपट्ट्याने घेण्यात आला व १९०३ पासून मध्य प्रांतासोबत त्याचा कारभार चालू लागला. दरम्यान १८६४ मध्ये भारतीय वनखात्याची स्थापना झाली आणि डिट्रिश ब्रँडिस हे पहिले वनमहानिरीक्षक झाले. १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी राखीव वनाची संकल्पना दृढ केली.

वणवा रोखता येतो काय, याविषयी त्या काळी खुद्द अधिकाऱ्यांतच शंका होती. सातपुड्यातील बोरी या वनात कॅप्टन जी. एफ. पिअर्सन यांनी १८६० च्या दशकात जाळरेषा काढून व राखण ठेवून मोठे क्षेत्र आगीपासून वाचवून दाखविले. हा प्रयोग वणवाप्रतिबंधाच्या धोरणाचा आधार बनला. जेम्स फॉरसिथ यांच्या १८७१ मध्ये प्रकाशित झालेल्या 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' या ग्रंथातही दह्या शेती व वणवा यांच्याकडे वनांच्या नाशाची कारणे म्हणून पाहिलेले दिसते. मेळघाटचे सागवन याच दृष्टीने राखीव करण्यात आले.

वऱ्हाडातील वनांचे जे वर्गीकरण झाले ते या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. 'अ' वर्गात इमारती लाकूड व जळाऊ लाकडाची वने, 'ब' वर्गात रमणे व बाभूळबने आणि 'क' वर्गात चराईची राने अशी ही विभागणी होती. रमणा म्हणजे गवतासाठी राखलेले रान. गवताला स्वतंत्र वर्ग मिळाला ही लक्षणीय बाब होय. परंतु येथे गवताची गणना चारा व महसूल म्हणून झाली. विविध वनस्पतींची, स्वतःच्या गतीने चालणारी एक परिसंस्था म्हणून रमण्याकडे पाहिले गेले नाही. त्यातच १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले, पाठोपाठ रेल्वे आली आणि पूर्णेच्या खोऱ्यातील पडीक व गवताळ जमीन झपाट्याने नांगराखाली गेली. मैदानातील गवत घटले तसा गुरांचा भार उरलेल्या 'क' वर्गाच्या रानांवर पडला. या रानांची अवनती झाली तेव्हा तिचा दोष बहुधा गुराखी व वणवा यांच्या माथी मारण्यात आला. कापसाच्या विस्ताराचा त्यातील वाटा क्वचितच विचारात घेतला गेला.

वणवाप्रतिबंधाविषयीची एकवाक्यता खुद्द वनखात्यातही टिकली नाही. सागाच्या निर्यातीसाठी प्रसिद्ध असलेल्या ब्रह्मदेशात संरक्षित वनांमध्ये सागाची नवी रोपे कमी होत असल्याचे आढळू लागले. १८९६ मध्ये एच. स्लेड या वनाधिकाऱ्याने 'इंडियन फॉरेस्टर' या नियतकालिकात ब्रह्मदेशात वणवाप्रतिबंधाचा अतिरेक होत असल्याचे प्रतिपादन केले. त्यावर दीर्घ वाद झाला आणि पुढील दोन दशकांत तेथील अनेक सागवनांतून प्रतिबंध मागे घेण्यात आला. येथेही चर्चेचा निकष सागच होता, ही बाब विसरून चालणार नाही.

कायद्याची भाषा मात्र सौम्य झाली नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे. इतकेच नव्हे, तर बुद्धिपुरस्सर अथवा घोर निष्काळजीपणाने आग लागल्यास त्या वनातील चराईचे व वनोपजाचे हक्क काही काळ स्थगित करण्याचा अधिकार शासनास आहे. आग कोणी लावली हे सिद्ध होवो वा न होवो, तिचा दंड संपूर्ण गावाच्या गुरांना भोगावा लागू शकतो, असा या तरतुदीचा व्यावहारिक अर्थ होतो.

गवताचे अर्थकारण व राजकारण

गवत दुय्यम मानले गेले तरी त्याचे मोल कमी नव्हते. रोशा गवतापासून काढले जाणारे सुगंधी तेल हा मेळघाट, निमाड व खानदेश या पट्ट्यातील जुना व्यवसाय होता. पावसाळा सरताना फुलोऱ्यावर आलेले गवत कापून ओढ्याकाठच्या भट्ट्यांत त्याचे ऊर्ध्वपातन केले जाई. हे तेल मुंबईमार्गे तांबड्या समुद्रावरील बंदरांत व पुढे तुर्कस्थानात जात असे आणि गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ होत असे. रोशा उघड्या, उन्हाच्या उतारांवर वाढतो. दाट छायेत तो टिकत नाही. म्हणजे वनखाते ज्या मोकळ्या रानाचे दाट वनात रूपांतर करू पाहत होते, त्याच मोकळ्या रानावर हा व्यवसाय उभा होता.

दुष्काळात गवताचे मोल अधिकच जाणवे. १८९९-१९०० च्या दुष्काळात, म्हणजेच छप्पनच्या सालात, चाऱ्याअभावी गुरांची अपरिमित हानी झाली. अशा वर्षी उभे वाळलेले गवत जळणे म्हणजे गावाच्या तोंडचा घास जळणे होते. त्यामुळे शेतकरी वर्गालाही वणवा नेहमीच हवासा वाटे असे समजणे चुकीचे ठरेल. गवत कापणारा, गुरे चारणारा आणि मोह वेचणारा यांचे आगीविषयीचे हितसंबंध एकसारखे नव्हते. राखीव वनांच्या नियमांत या भेदांना स्थान मिळाले नाही.

या असंतोषाला १९३० मध्ये राजकीय रूप प्राप्त झाले. समुद्रापासून दूर असलेल्या वऱ्हाडात मिठाच्या कायदेभंगास मर्यादा होत्या. लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली १० जुलै १९३० रोजी पुसद येथे जंगल सत्याग्रहास प्रारंभ झाला. राखीव वनातील गवत विनापरवाना कापणे हे या सत्याग्रहाचे साधन होते. वऱ्हाडात स्वातंत्र्यलढ्याने प्रतीक म्हणून गवताची पेंढी निवडली, यातच सामान्य जनतेच्या जीवनातील गवताचे स्थान स्पष्ट होते.

स्वातंत्र्योत्तर काळ

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने अभयारण्यात आग लावण्यास बंदी घातली आणि १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. लाकडाऐवजी वाघ हा संरक्षणाचा केंद्रबिंदू झाला. वणव्याविषयीची भूमिका बव्हंशी तीच राहिली. २००४ पासून भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांद्वारे वणव्यांच्या सूचना देत आहे. त्यामुळे आग कोठे लागली हे तत्काळ समजते. ती कोणत्या प्रकारच्या रानात लागली व तेथे त्यानंतर काय उगवले, याचे उत्तर मात्र जमिनीवरील निरीक्षणातूनच मिळू शकते.

वाघाला हरणे हवीत आणि हरणांना गवत हवे, या जाणिवेने गवताकडे पुन्हा लक्ष वळले. २००१ च्या सुमारास मेळघाटातील कोहा, कुंड व बोरी या गावांचे अकोट परिसरात पुनर्वसन झाले. गावठाणे व शेते यांच्या जागी कुरणे विकसित करण्यात आली. चिखलदरा येथील महाविद्यालयातील डॉ. गजानन मुरतकर यांनी मेळघाटातील गवतांचा केलेला अभ्यास या संदर्भात उल्लेखनीय आहे. एकेकाळी ज्या माणसांच्या गुरांनी व आगीने रान मोकळे राहिले होते, ती माणसे मैदानात आली. रान मोकळे ठेवण्याचे काम आता प्रशासनाकडे आले. या बदलाची सामाजिक किंमत वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे.

मैदानातील व बालाघाट पठारावरील गवताळ माळांची स्थिती अधिक बिकट आहे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशाच्या पहिल्या पडीक जमीन नकाशासंग्रहापासून असे माळ मोठ्या प्रमाणावर 'पडीक' या वर्गात गणले गेले. पडीक ठरलेल्या जमिनीवर वृक्षलागवड, उद्योग वा अन्य प्रकल्प येणे स्वाभाविक ठरते. अकोला व वाशीम जिल्ह्यांतील माळ हे तणमोर या दुर्मीळ पक्ष्याचे विणीचे क्षेत्र आहे. त्या माळांचे व पक्ष्यांचे सूक्ष्म ज्ञान असलेल्या फासेपारधी समाजातील काही वस्त्यांनी अलीकडच्या काळात गवताळ राने राखण्याचे काम हाती घेतले आहे. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर या गावास २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये सामूहिक वनहक्क मिळाला आणि तेथील ग्रामसभेच्या कार्याची राष्ट्रीय पातळीवर दखल घेतली गेली. रान राखण्याची जबाबदारी व त्याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार एकाच ठिकाणी आल्यास काय घडू शकते, याची ही उदाहरणे होत.

नव्या संशोधनाचा प्रकाश

गवताळ राने म्हणजे तोडलेल्या जंगलाचे अवशेष, ही समजूत वसाहतकालीन धोरणाच्या मुळाशी होती. अलीकडील संशोधनाने तिला तडा दिला आहे. आशिष नेर्लेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये द्वीपकल्पीय भारतातील सव्हानांत दोनशेहून अधिक प्रदेशनिष्ठ वनस्पती असल्याचे दाखविले. उघड्या रानाशीच जुळलेल्या इतक्या जाती काही शतकांच्या वृक्षतोडीतून निर्माण होऊ शकत नाहीत. २०२५ मध्ये नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी साहित्यातील वनस्पतींच्या उल्लेखांवरून पश्चिम महाराष्ट्रातील सव्हाना किमान ७५० वर्षे जुने असल्याचे प्रतिपादन केले. महानुभाव पंथाचे रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात आहे. मराठी गद्याचा हा प्राचीन ठेवा वऱ्हाडच्या रानांच्या इतिहासासाठीही तपासण्याजोगा आहे. मराठीचे अध्यापक व वनस्पतिशास्त्राचे अध्यापक यांनी एकत्र येऊन करावयाचे हे काम आहे.

तळेगाव दाभाडे परिसरात सापडलेली डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा ही वनस्पती २०२४ मध्ये पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील मंदार दातार व सहकाऱ्यांनी नवी जाती म्हणून नोंदविली. ती पावसाळ्यानंतर एकदा फुलते आणि उन्हाळ्यात माळ जळाल्यानंतर जमिनीखालच्या खोडापासून आखूड फुटवे काढून दुसऱ्यांदा बहरते. इतकी वर्षे नित्य पाहिल्या जाणाऱ्या माळावरील वनस्पती शास्त्राच्या नजरेतून निसटली होती. वऱ्हाडच्या माळांवर वणव्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत काय फुलते याची पद्धतशीर नोंद झाल्यास तीही मोलाची ठरेल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) वऱ्हाडातील बहुवार्षिक गवते व त्यांच्या सोबतच्या अनेक वनस्पती जमिनीलगतचे कोंब, भूमिगत खोडे, मुळांतील अन्नसाठा आणि मातीत रुतणाऱ्या बिया यांच्या आधारे वणव्यातून तग धरतात. आगीचा काळ, तिची वारंवारता व त्यानंतरची चराई यांवर त्यांचे भवितव्य अवलंबून असते.

२) वसाहतकालीन वणवाप्रतिबंध इमारती लाकडाच्या हितासाठी घडला. हे धोरण जंगल व गवताळ रान यांत पुरेसा भेद न करता राबविले गेले आणि स्वातंत्र्योत्तर काळातही त्याची चौकट कायम राहिली.

३) गवतावर अवलंबून असलेल्या समाजांचे आगीविषयीचे ज्ञान व त्यांचे परस्परभिन्न हितसंबंध या दोहोंना धोरणात स्थान मिळाले नाही. १९३० च्या जंगल सत्याग्रहाचा विचार या पार्श्वभूमीवर होणे इष्ट आहे.

४) सरसकट बंदी व सरसकट जाळणे ही दोन्ही टोके गवताला हानिकारक आहेत. कोणते रान कधी जळू द्यावे व कोणते राखावे, याचा निर्णय स्थानिक निरीक्षणावर आधारलेला असावा आणि त्यात ग्रामसभांचा सहभाग असावा.

गवताळ रानाला 'पडीक' म्हणणे ही केवळ शब्दयोजना नाही. त्या एका शब्दाने तणमोराचा निवारा, गवळ्याची चराई आणि अद्याप शास्त्राला अज्ञात असलेल्या वनस्पती एकाच वेळी हिशेबाबाहेर जातात. आगीने जळालेले गवत मृगाच्या पावसानंतर परत येते. नांगराखाली, इमारतीखाली अथवा दाट लागवडीच्या सावलीखाली गेलेले जुने गवताळ रान मात्र सहजासहजी परत येत नाही. वऱ्हाडच्या रानांचा इतिहास लिहिताना हा फरक ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.